तगरीखालचं निंदण

बाबा, आज सकाळी तगरीखालची हरळी काढत बसले होते, तेव्हा शेजारची सून कुंपणावरून म्हणाली, "काकू, काय चाललंय?" मी म्हणाले, "खुरपतेय." ती गेली आणि माझा हात तसाच थांबला. तो शब्द तुमचा होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, घरात आता माझ्याशिवाय कोणी नाही, तरी कोणी विचारलं की माझ्या तोंडून आधी तुमचाच शब्द निघतो.

बुलडाण्याला आपल्याला सरकारी क्वार्टर मिळालं, ते महाराष्ट्र नवीन झाला त्या सुमारास. तुम्ही कचेरीत कारकून, आणि ओळीतल्या बाकीच्या घरांत पुण्याकडून बदलून आलेली माणसं. दारापुढच्या वाफ्यात आधीच्या कोणीतरी लावलेली तगर आणि जासवंद चांगली डोक्याएवढी झाली होती, आणि त्यांच्या बुडाशी हरळी, केना, तरोटा असं सगळं माजलेलं होतं. आई त्याच जिल्ह्यातल्या धाड गावाकडची. दुपारचं आवरलं की ती पदर खोचून त्या वाफ्यात निंदायला, तण काढायला बसायची. मला ती आत्ताही दिसते. झुडपाच्या बुडाशी ती खुरपं खोल घालत नाही, जासवंदीची बारीक मुळं वरच्यावर असतात म्हणते. टोकानं माती सैल करते, हरळीचा दोर हाताला लागला की त्याच्या मागं मागं सरकत जाते, आणि तो मधेच तुटला की स्वतःलाच बोलते, "तोडला ना बाई." मोकळ्या झालेल्या मातीवर मग ज्वारीचं कुटार, वाळला भुसा, जाडसर पसरते, म्हणजे खाली ऊन जात नाही आणि बी उगवत नाही. लव्हाळ्यापुढं मात्र तिनंही हात टेकले होते. "हा आपल्याले पोचवून येईन," म्हणायची.

जाणारी-येणारी बाई तिथं थांबायची. शेजारच्या वहिनी पुण्याच्या. गणपतीला दूर्वा मागायला आल्या, तेव्हा आईनं टोपलीभर हरळी त्यांच्यापुढं केली. "घ्या बाई, सगळीच घ्या. तुमच्या देवानं माहं निंदण वाचवलं." वहिनी कितीतरी वेळ हसत होत्या. तुम्ही दिवसभर कचेरीत असायचात, आईला त्या गावात दुसरं कोणी नव्हतं. तिचा शेजार, तिचं बोलणं, सगळं त्या वाफ्यात होतं.

एका रविवारी तुमचे साहेब व्हरांड्यात चहाला बसले होते. वहिनी फाटकाशी आल्या आणि मला म्हणाल्या, "आई कुठे गं?"

"माय निंदून राह्यली."

"अगोबाई! कोणाला?"

"तगरीले."

साहेब खुर्चीतून म्हणाले, "तगरीनं काय बिघडवलं त्यांचं?" सगळे हसले. झुडपाच्या आडून आईसुद्धा हसली आणि म्हणाली, "तगरीनं नाही जी, हरळीनं." हसला नाहीत ते फक्त तुम्ही.

साहेब गेल्यावर तुम्ही दार लोटून घेतलंत आणि आईला म्हणालात, "तू काऊन बसते तिथं? मजूर बाई हायेस का?" मग थांबून, जणू पाटीवरचं अक्षर पुसावं तसं, "आहेस का?" असं पुन्हा म्हणालात. मला सांगितलंत, यापुढं माय म्हणायचं नाही, आई म्हणायचं. आणि निंदणं नाही, खुरपणी. आईनं विचारलं, "खुरपणी म्हटलं तं तगर जास्त फुलते का?"

पुढच्या रविवारी तुम्ही कुदळवाला माणूस बोलावलात आणि शेजारी उभं राहून एका सकाळीत सगळा वाफा खणवून घेतलात. सारवल्यासारखा स्वच्छ दिसत होता. तुम्ही संध्याकाळी तिथं खुर्ची टाकून बसलात. आई दारातूनच म्हणाली, "मुळं तुटली." थोड्याच दिवसांत कुदळीनं तोडलेल्या हरळीच्या तुकड्या-तुकड्याला फूट आली, पहिल्यापेक्षा दाट. जासवंदीच्या कळ्या पिवळ्या पडून गळल्या आणि तिची एक बाजू वाळून गेली. आई हे खिडकीतून बघायची. मी तिला म्हटलं, चल ना बाहेर. ती तुमच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत म्हणाली, "सायबांच्या घरापुढं मजूर बाई बरी दिसत नाही."

त्यानंतर एकदा मी तुमची पिशवी धरून तुमच्याबरोबर बाजारातून येत होते. वहिनींनी तुम्हाला फाटकाशी थांबवलं. "हिच्या आई हल्ली दिसत नाहीत हो. मला करमत नाही. आमची मुलं तर आता घरात निंदून राह्यली, जेवून राह्यली असंच बोलतात. हिच्या आईंना सांगा, मी वाट बघते." तुम्ही हसून म्हणालात, "सांगतो की." घरात आलात, कोट खुंटीला लावलात, चहा मागितलात. मी वाट बघत राहिले. जेवताना बघितली. आईला नुसतं एवढं कळलं असतं, तर ती खरकट्या हातानं उठून त्या वाफ्यात गेली असती. तुम्ही सांगितलं नाहीत, आणि तुम्ही गिळलेला निरोप सांगायचं धाडस मलाही झालं नाही. मला वाटतं, तुम्हाला ते सांगताच येईना. सांगितलं असतं, तर त्या दिवशी कोणी आपला अपमान केलाच नव्हता, हेही कबूल करावं लागलं असतं.

ती पुन्हा पुढच्या दारी बसली नाही. नंतर आपलं स्वतःचं घर झालं, तिथंही ती मागं न्हाणीजवळच काहीबाही उपटत असायची आणि पाहुणे आले की उठून आत जायची. शेवटी शेवटी ती तुमच्या कचेरीतल्या लोकांशी बोलायची तेव्हा "हो" आणि "नाही" एवढंच बोलायची, आणि तुम्ही मला म्हणायचात, बघ, किती सुधारली. त्या वाक्याची लाज मला तेव्हाही वाटायची. आज सकाळपासून ती माझी मलाच वाटते आहे. शेजारची सून तर इकडचीच, मोताळ्याची आहे. मी "निंदून राह्यली" म्हटलं असतं, तर तिनं मान हलवली असती आणि निघून गेली असती. ऐकणारं पुण्याचं कोणी नव्हतंच.

खरं सांगायचं तर मी आईलाच लिहायला बसले होते. तिला "मला" लिहावं की "मले", तेच ठरेना, आणि हात पुढं सरकेना. तुम्हाला लिहिणं सोपं जातं. वर पहिल्या ओळीत खोडलेलं आहे, तिथं "माय" होतं.