भोकाचं नाणं आणि गळका नळ

ती. दादास,

वाकून नमस्कार (कंबरेला पट्टा आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढा). 'ती.' म्हणजे तीर्थरूप, एवढं एक लघुरूप मला येतं. बाकी तुझ्या नाण्यांच्या चिठ्ठ्यांनी माझी जी दशा केली ती पुढे सांगतोच. डोळा आता कसा आहे? लेकीकडे आहेस म्हणजे पथ्य नीट होत असणार. इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून.

तू फोनवर म्हणालास की मोरीतला नळ गळतोय, भिंतीला ओल आलीय. तेवढं बघ आणि कपाटातली नाणी कोरड्या जागी हलव. जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त करणाऱ्या भावावर तू पहिल्यांदाच ते कपाट सोपवलंस, म्हणून मी जरा जास्तच उत्साहात आलो. पाकिटं दमट लागली. सगळी नाणी काढून वर्तमानपत्रावर पसरली आणि पाकिटं चिमटे लावून दोरीवर वाळत घातली. ती वाळेपर्यंत नळाचं काम उरकलं. मग लक्षात आलं, की कुठलं नाणं कुठल्या पाकिटातलं हे फक्त पाकिटांनाच ठाऊक होतं, आणि ती बोलत होती 'एफ', 'व्हीएफ', 'जी' असल्या भाषेत.

शेवटी पिशवी घेऊन नाण्यांच्या दुकानदाराकडे गेलो. भला माणूस. चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "काका, 'जी' म्हणजे गुड." मी खूश. तर गुड म्हणजे चेहरामोहरा पार झिजलेलं नाणं! फाइन म्हणजे बऱ्यापैकी झिजलेलं, व्हेरी फाइन म्हणजे त्याहून थोडं कमी. आणि खरोखर चांगलं ते 'यूएनसी', म्हणजे जे कधी कुणाच्या हातात फिरलंच नाही. (वहिनी माझ्या कामाला नेहमी 'गुड' म्हणते. आता कळलं.) आमच्या धंद्यात सडलेल्या पाइपाला सडलेलाच म्हणतात. असो. त्याने एकेक नाणं ज्याच्या त्याच्या पाकिटात घालून दिलं, आणि एक पाकीट रिकामं उरलं. वर तुझ्या अक्षरात, 'पी. छि. आ. ग. वि. ना.' पी म्हणजे पुअर, अगदीच गेलेलं, छि. म्हणजे छिद्र, वि. ना. म्हणजे विकायचं नाही, इथवर त्याने लावलं. 'आ. ग.' काही त्यालाही लागेना.

पण छिद्र ऐकताच मला तुझा मोरीतला नळ आठवला होता. दादा, त्या पसाऱ्यात एक भोक पडलेलं गुळगुळीत नाणं होतं. भोकाचं नाणं कोण कशाला जपेल, असं मला वाटलं. नळाचा रबरी वायसर कुजलेला, दुकान बंद, आणि समोर भोकाची चकती. माझ्या डोळ्यांना नाणं दिसलंच नाही, वायसरच दिसला. जरा मोठं होत होतं म्हणून कडेने कानस मारली आणि बसवून टाकलं. नळातून थेंबही पडेना. मी स्वतःवर इतका खूश, की वरून चहा करून प्यायलो.

संध्याकाळी ताई आली. तिने पाकिटावरची ती अक्षरं एका दमात वाचली. म्हणाली, "अरे, आईच्या गळ्यातलं! दोऱ्यात ओवलेलं असायचं. तू कडेवर असलास की तोंडात घालून चोखत बसायचास." दादा, आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा. तुला तिचा आवाज आठवतो, ताईला हात आठवतात. मला काही म्हणजे काही आठवत नाही. आणि तिची जी एक वस्तू मी तोंडात धरली होती, ती मला ओळखता आली नाही. फार वाईट वाटतंय रे. कानसलेली कड काही परत येत नाही.

तस्सा उठून ते नळातून काढलं, पुसलं आणि पाकिटात घालून जागच्या जागी ठेवलं. रागाव, तुझा हक्कच आहे. फक्त डोळ्यावर ताण येऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा (दर्जा : पी.)

ता. क. नळाला नवा वायसर घातलाय. ओल सुकतेय.

आणखी एक ता. क. तू 'विकायचं नाही' असं लिहिलंयस. 'द्यायचं नाही' असं कुठेच नाही. पाकीट उलटसुलट करून पाहिलं मी.

शेवटचा ता. क. जागच्या जागी ठेवलं म्हणून वर लिहिलंय, ते खोटं. गळ्यात आहे. मागितलंस तर काढून देईन. पण दादा, मागू नकोस.