बोंडूच्या अंथरुणाची शास्त्रशुद्ध धुलाई

२ ऑगस्ट, शनिवार

डोकं फिरलंय. लॉण्ड्रीचं युनिट बंद करून मिरजोळ्याहून घरी आलो तर हॉलमध्ये कुत्र्याचं पिल्लू. राजश्रीने आणलं. नवऱ्याला आधी विचारायची पद्धत या घरातून कधीच गेली. कारण काय, तर शमिका नोकरीला मुंबईला गेल्यापासून तिला घर खायला उठतं. मग मी कोण आहे? मी घरात असतो की. रात्री असतो.

बावीस वर्षं लॉण्ड्री चालवतोय. निम्म्या रत्नागिरीतल्या हॉटेलांच्या, हॉस्पिटलांच्या चादरी माझ्या हाताखालून जातात. अशा माणसाच्या घरात पावसाळ्यात ओल्या कुत्र्याचा वास यायला लागला तर उद्या तोंड कुठे दाखवू?

स्पष्ट शब्दांत अट घातली. सत्तावीसला गणपती. तोवर घरात वास राहिला तर पिल्लू दाभोळला, तिच्या भावाकडे, विठूकडे. ती म्हणाली, चालेल, मग त्याच्या अंथरुणाचं तुम्हीच बघा. मला हसूच आलं. हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्याला कुत्र्याच्या अंथरुणाची काय मातब्बरी.

नाव बोंडू ठेवलंय. काजूच्या बोंडूसारखा पिवळट म्हणून. मी नावाने हाक मारणार नाही. पंचवीस दिवसांसाठी कशाला ओळख वाढवा.

त्याच्याबरोबर एक कळकट फडकं आलंय. त्याची आई त्यावर झोपायची म्हणे. उद्या पहिलं काम ते.

३ ऑगस्ट

रविवार असून मशीन लावलं. गरम पाणी, सोडा, ब्लीच. फडकं मुळात पांढरं होतं हे त्याच्या आईलासुद्धा माहीत नसेल. कोपऱ्यात शाईने लॉण्ड्रीची खूण घातली, घर-१. प्रश्न मिटला.

४ ऑगस्ट

रात्रभर रडला. फडक्याकडे ढुंकूनही बघत नाही. राजश्री म्हणते, त्याला ते ओळखू येत नाही. ओळखू न येण्याइतकं स्वच्छ झालं हा माझा दोष?

सहा गिऱ्हाइकांना सांगितलंय की माझं या पिल्लाशी काही देणंघेणं नाही.

७ ऑगस्ट

शमिकाने मुंबईहून कुत्र्याचा खास बिछाना पाठवला. मेदूवड्यासारखा गोल, वरून लोकर, आत फोम. आत लेबल: थंड पाण्यात हाताने धुवा. ही लेबलं लिहिणाऱ्यांनी आयुष्यात एक रुमाल तरी धुतलाय का? नवीन कापड वापरण्याआधी धुवायचं, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोर सांगेल. ऐंशी डिग्रीला लावला. मग ड्रायर.

दुपारी ४

बिछान्यात मऊ असं काही राहिलेलं नाही. आत नुसते गोळे, कांदाभजीएवढे. कंपनीला कडक शब्दांत ईमेल केलं. राजश्रीला सांगितलं की माल असाच आला. ती म्हणाली की खोका तिच्यासमोर उघडला होता आणि तेव्हा तो बरा होता. बायकोला नवऱ्यापेक्षा खोक्यावर जास्त विश्वास.

१० ऑगस्ट

फोम बाद. सुती हाच राजमार्ग. हॉटेलच्या बाद झालेल्या बाथमॅट, तीन थर, टाके घालून. खूण घर-२. असलं अंथरूण माझ्या लहानपणी मला नव्हतं.

त्यावर झोपला नाही. स्वयंपाकघरातल्या पायपुसण्यावर झोपला. पायपुसणं धुतलं. मग माझ्या चपलांवर झोपला. चपला धुतल्या. मग दारातल्या गोणपाटावर. गोणपाट धुतलं. आता घरात इतकं सगळं धुऊन वाळत पडलंय, आणि या हवेत काही वाळत नाही, की खरा वास त्याचाच येतोय. राजश्री तसं म्हणाली. मी म्हटलं, तो साबणाचा वास. तो वेगळा.

१३ ऑगस्ट

रात्री विचार केला आणि मूळ चूक सापडली. मऊ कापडात घाण मुरते. कडक कापडावर बसत नाही. उत्तर एकच, खळ. जुनी गिऱ्हाइकं सुती साड्या देतात त्यांच्यासाठी आम्ही अजून तांदळाची खळ करतो. तीच, घट्ट, दोन हात. वर इस्त्री, चार घड्या. पापड उभा राहावा तशी चादर उभी राहिली.

बोंडू आधी घसरला. मग पुन्हा आला, वास घेतला, चाटायला लागला. दहा मिनिटं हलला नाही. अंथरुणात त्याने पहिल्यांदाच रस घेतला. राजश्रीला बोलावून दाखवलं. शेवटी अनुभव तो अनुभव.

१४ ऑगस्ट

चादर खाल्ली. दीड हात. खळ त्याला पेजेसारखी लागली असणार. सकाळपासून ओकतोय, अधूनमधून दोरा निघतो.

जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलं, चादरीला काय लावलं होतं? मी म्हटलं, चांगल्यातला तांदूळ. डॉक्टर हसले. आजारी जिवासमोर हसणारा डॉक्टर मला चालत नाही. टेबल गार होतं म्हणून पिल्लाला पूर्ण वेळ मीच मांडीवर धरून बसलो. पँट खराब झाली. बदलायला सवड झाली नाही. संध्याकाळपर्यंत तीच होती.

१६ ऑगस्ट

बरा आहे. बोंडू, म्हणजे पिल्लू.

युनिटवर जनी इस्त्री करता करता ऐकत असते. अठरा वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे तोंड वाढलंय. आज म्हणाली, "शेट, त्या फडक्याला त्याच्या आयशीचा वास व्हता. तोच तुमी धुवून टाकलाव. आता पोर घरभर वास हुडकत फिरतंय."

मी तिला सांगितलं, चादरी मोज.

दिवसभर चिडचिड झाली. हॉटेलच्या दोन चादरी लाल पडद्याबरोबर गेल्या, गुलाबी झाल्या. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. जनीमुळे झालं.

१९ ऑगस्ट

आज तो सलग पाच तास झोपला. राजश्रीच्या जुन्या गाऊनवर. गाऊन तीन दिवसांचा, घामट, हळदीचे डाग. दुपारी घरी आलो होतो, गॅस बंद आहे का बघायला, तेव्हा बघितलं. चारही पाय वर. झोपेत ओठ हलत होते. मी दारात किती वेळ उभा होतो कोण जाणे.

पण आठ दिवसांवर गणपती. गाऊन हळूच ओढून काढला आणि भिजत घातला.

तो उठून बसला. माझ्याकडे बघितलं. मग कपाटामागे गेला. राजश्री माझं ताट वाढून कपाटाशी जाऊन बसली. ती भांडली असती तर मी समजावून सांगितलं असतं.

२० ऑगस्ट

दुपारी गॅस बघायला आलो. घरात कोणी नाही. फ्रिजवर चिठ्ठी: "घरात आता वास राहणार नाही. आम्ही दोघं विठूकडे."

माझी अट कुत्र्याला होती. तिला कोणी जायला सांगितलं? फोन उचलत नाही. असला संताप आला की हॉलचे पडदे काढून धुवायला नेले.

२१ ऑगस्ट

पडदे, सोफ्याची कव्हरं, गाद्यांच्या खोळी, सगळं झालं. घराला कसलाच वास नाही. फोडणीचा नाही, उदबत्तीचा नाही. गिऱ्हाइकांना मी हेच सांगत आलोय की स्वच्छतेला वास नसतो.

शमिकाचा फोन. सव्वीसला येतेय. आई कुठाय म्हणाली. मी म्हटलं, आंघोळीला गेल्ये. तर म्हणाली, बाबा, मी आत्ता दाभोळला फोन करून तुम्हाला केलाय. आजकालच्या पोरांना बोलायची पद्धत नाही.

कपाटामागे एक केस सापडला. पिवळट. झाडायचा राहून गेला.

२३ ऑगस्ट

ठरलं. उद्या जाऊन दोघांना आणणार. मागे लागायला नव्हे. गणपतीला घरची बाई घरात नसली तर चार लोक विचारतात, म्हणून. पिल्लू सोबत आलं तर येऊ दे. मन मोठं ठेवायला हवं.

२४ ऑगस्ट, रविवार. धोपाव्याला जाणारी फेरीबोट, परतीची

पहाटे स्कूटर काढली. जयगडची फेरी, मग गुहागर, मग धोपाव्याची फेरी. भर पावसात. दाभोळला पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता आणि बोंडू विठूच्या अंगणात शेडखाली झोपलेला. विठू बोटींना बर्फ पुरवतो. त्याची जुनी लुंगी, मासळी, डिझेल आणि बर्फाचं पाणी, आणि पिल्लू त्यात गुरगुटून. अंगावर मांस आलंय. चार दिवसांत.

राजश्रीने चहा दिला. भांडली नाही. तिची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती, ते मी लगेच बघितलं.

म्हणाली, "त्याच्याशेजारी अर्धा तास बसा. कशाला हात लावायचा नाही. एवढं जमलं तर आत्ता निघू आपण, तिघं."

मी म्हटलं, अर्धा काय, दोन तास बसतो.

बसलो. घड्याळ समोर ठेवलं. दहा मिनिटं. पंधरा. बोंडू झोपेतच सरकत आला आणि त्याने माझ्या पावलावर हनुवटी टेकली. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. राजश्री दारातून बघत होती आणि मला वाटतं हसत होती. एवढ्या वर्षांत तिला तसं हसताना मी बघितलं नव्हतं, किंवा माझं लक्ष नव्हतं.

बाविसाव्या मिनिटाला लुंगीचा एक कोपरा उचलला. फक्त कोपरा, दोन बोटांत.

बोंडूने डोळे उघडले. मला बघितलं. अख्खी लुंगी तोंडात धरून फरपटत नेली आणि विठूच्या टेम्पोखाली जाऊन बसला. मी गुडघ्यावर बसून हाका मारल्या, नावाने मारल्या. तो लुंगी आणखी आत ओढत राहिला. विठू तोंड फिरवून नळाशी गेला. राजश्री पिशवीतले कपडे एकेक करून बाहेर काढायला लागली. म्हणाली, मोदकांचं पीठ दळून आणा, आणि शमिकाला घ्यायला स्टेशनवर वेळेत जा.

मी धुणार नव्हतो. वास कितपत आहे तेवढं बघत होतो.