मोटारीची झूल आणि नातीचा कॉम्प्युटर

अण्णा, तुमच्या नातीनं घरी बसून कॉम्प्युटर जोडला. तयार आणला नाही, जोडला. एकेक भाग वेगळा आणून, स्क्रू पिळून, वायरी खोचून, तुम्ही विहिरीवरची मोटार जोडायचात तसा. तुम्ही गेल्यावर चार वर्षांनी ती झाली, त्यामुळे तुम्ही तिला पाहिलं नाही आणि तिनं तुम्हाला फक्त भिंतीवरच्या हारातल्या फोटोत पाहिलं. पण परवा रविवारी ती पाटापुढं मान खाली घालून बसली होती आणि एक बारीक स्क्रू दातात धरलेला होता. मी चहा घेऊन आले होते, ती दारातच थांबले. तुमच्याशिवाय मी कुणाला असा स्क्रू दातात धरताना पाहिलेलं नाही. तिला कुणी शिकवलं, मला कळत नाही. मी तर नाही शिकवलं.

कशासाठी जोडला, तर खेळण्यासाठी. तुमच्याशी खोटं कशाला बोलू. बारावी झाली आहे तिची आणि तिला खेळायचंही आहे आणि पुढं असले खेळ बनवायला शिकायचंही आहे. यांचं म्हणणं होतं, "दुकानातनं लॅपटॉप घिऊ हप्त्यावर. कॉलेजला बी उपेगी पडंल." ती म्हणाली, पप्पा, लॅपटॉपवर हे गेम नीट चालत नाहीत, आणि त्याच्यापेक्षा कमी पैशात मी दुप्पट चांगलं मशीन करून दाखवते. आमच्या वरच्या खोल्यांत भाडेकरू आहेत, कंपनीत जाणारे, त्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन तिनं दोन वर्षं पैसे साठवले होते. निम्मे तिचे झाले. उरलेले निम्मे मी कुलदेवीच्या यात्रेसाठी बाजूला ठेवले होते ते दिले. देवीपुढं दिवा लावून सांगितलं, यंदा जमत नाही गं आई, पोरीचं आहे. मग हे म्हणाले, "जोडा. पर एक सांगून ठिवतो. हे जर जळालं, तर परत त्या खेळाचं नाव काढायचं न्हाई. गुमान लॅपटॉप घ्यायचा आन बी.कॉम. करायचं." पोरगी म्हणाली, चालेल.

मग दोन महिने आम्ही दोघी फिरलो. चित्र उठवणारं जे कार्ड असतं, ते सगळ्यांत महाग. नवं झेपत नव्हतं म्हणून बावधनला एका उंच इमारतीत एका मुलाकडं वापरलेलं बघायला गेलो. त्यानं ते चालू करून दाखवलं आणि मी आपला पालथा हात त्याच्या अंगाला लावला. तो म्हणाला, "काकू, काय बघताय?" म्हटलं, "ताप बघते." तो हसायला लागला, पण पाचशे रुपये कमी केले त्यानं. पालथ्या हाताला खरं कळतं, हे तुमचंच. तुम्ही मोटारीला तळहात कधी लावला नाहीत. प्रोसेसर, म्हणजे त्याचं डोकं, तोही आम्ही डब्याशिवायचा आणि बिलाशिवायचा घेतला. त्याच्याबरोबर पंखा येत नाही म्हणून स्वस्त, पंखा वेगळा घ्यायचा. पुण्यातला दुकानदार म्हणाला, सगळं जोडून देतो, पंधराशे होतील. मी म्हटलं, "जोडायचे कसले पैसे? माझे वडील पाच एचपीची मोटार डोळे मिटून जोडायचे." पोरगी माझा पदर ओढायला लागली, मम्मी, चल ना. दुकानदार म्हणाला, "मावशी, मग घरी काही उडालं तर आमच्याकडं यायचं नाही हं." म्हटलं, नाही येणार. म्हणजे घरी जोडायचा हट्ट माझा होता, अण्णा. हे लक्षात ठेवा.

बसमध्ये बसल्यावर मात्र मला काकांची मोटार आठवली. तुमची एवढी बढाई मारली की ती मला आठवतेच. मी अकरा वर्षांची होते. काकांची मोटार जळली होती, तुम्ही जुनी तार उपसून नवी भरलीत, चार दिवस तिच्यावर बसलात. तोंडानं वेढे मोजताना मध्ये मी बोलले की डोळे वटारायचात. ती मोटार नदीकाठी उघड्यावर बसवली आणि मला तिची दया आली. एवढ्या मेहनतीची वस्तू, तिच्यावर धूळ, तिच्यावर दव. मी आईच्या जुन्या लुगड्याची आणि शिंप्याकडून मागून आणलेल्या रेक्झीनच्या तुकड्यांची झूल शिवली, बैलाला असते तशी, दुहेरी, चारी बाजूंनी नाड्या. कुणाला न सांगता जाऊन बांधून आले, अगदी घट्ट. चौथ्या दिवशी मोटार जळाली. काका पौडला स्टँडजवळच्या तुमच्या पत्र्याच्या दुकानात आले, गिऱ्हाइकं बसलेली असताना. मी डबा घेऊन आले होते. "जगाच्या मोटारी भरतोस, आन सख्ख्या भावाची तुला भरता येईना व्हय रं?" तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात आणि म्हणालात, "व्हय दादा. माझाच हात चुकला. भरून देतो परत." परत भरलीत. ती मग बारा वर्षं चालली. पण काका प्रत्येक लग्नात, प्रत्येक सणाला ते काढायचे, आणि तुम्ही हसून पान लावायला घ्यायचात. माझी झूल तुम्ही घरी घेऊन आलात. म्हणालात, "लई ग्वाड शिवलीया. मोटारीला कशाला? माझ्या स्टुलाला पायजे ही." तुमच्या दुकानातल्या स्टुलावर ती विरेपर्यंत होती. मला काय अभिमान! मैत्रिणींना मुद्दाम तिकडून घेऊन जायचे.

तर परवाचा रविवार. हे पौडला लग्नाला गेले होते, चारपर्यंत येणार होते. आम्ही दहालाच पाट मांडला. कॅबिनेटच्या पत्र्याला मी बाहेरून हळदकुंकू लावलं, आतल्या कशाला बोट लावलं नाही. खंडेनवमीला मी एकदा उघड्या मोटारीत कुंकू टाकलं होतं तेव्हा तुम्ही हात धरलात, "पूजा भाईरनं. आत तिला काम हाय." पोरीनं आधी हातानं लोखंडाला स्पर्श केला. अंगातली वीज निघून जावी म्हणून दर वेळी करायचं असतं म्हणे. मला तो नमस्कारच वाटला. मग तिनं ती हिरवीकाळी पाटी बाहेर काढली. मदरबोर्ड म्हणतात. अण्णा, तुम्ही असतात तर चष्मा पुसून घेतला असता. घाटावरून रात्रीचं गाव दिसावं तशा त्यावर वाटा, चौक, वाड्या. एकही वाट दुसरीला अडवत नाही. आणि ते डोकं, केवढं, तर पेढ्याएवढं. उलटं केलं तर खाली सोन्याचे ठिपके, रांगोळीला काढतो तसे, हजाराच्या वर आहेत म्हणाली. मी मोजायला गेले आणि तिसऱ्या ओळीत चुकले. माणसाच्या हातानं एवढं बारीक होतं? माझे हात आपोआप जोडले गेले. ती म्हणाली, "मम्मी, रडू नकोस हं, पाणी पडेल त्यावर."

मग पंखा. पंख्याखाली तांब्याचा तुकडा असतो, तो त्या डोक्यावर टेकवायचा, मध्ये पांढरी पेस्ट. त्या तुकड्याला तळाशी पातळ प्लास्टिक चिकटवलेलं होतं. आमच्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक मी काढू देत नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही. फ्रिजला सात वर्षं होतं. रिमोट अजून पिशवीत आहे. पोरगी म्हणते, तुझं चाललं असतं तर मलाही पिशवीत ठेवलं असतंस. तिनं नखानं कोपरा उचलला आणि म्हणाली, "हे काढायचं असेल गं." मी म्हटलं, "राहू दे की, ओरखडे पडतील. काढायचं असतं तर लिहिलं असतं." तिनं माझ्याकडं पाहिलं, कोपरा परत दाबून बसवला, आणि पंखा लावला.

तीन वाजता बटण दाबलं. दिवा लागला, पंखे फिरले, पडद्यावर अक्षरं आली. आम्ही दोघी ओरडलो. तिथं एका कोपऱ्यात डोक्याचा ताप दाखवतात. सत्तर होता. मग ब्याऐंशी. मग एक्क्याण्णव. पोरगी म्हणाली, हे जास्त आहे. पंचाण्णव झाला आणि सगळं फट्‌कन बंद. पंधरा मिनिटं थांबून परत लावलं, परत तसंच. तिच्या ओठावर घाम आला. "मम्मी, जळेल ते. बिल पण नाही आपल्याकडं." भिंतीवर साडेतीन. मी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मला बी.कॉम. दिसायला लागलं. देवीचं नाव घेतलं आणि दुसरं काही सुचेना म्हणून मशीन बंद असताना पालथा हात आत घातला. पंख्याला पातळ पत्रे असतात, एकाला एक लागून, फणीसारखे. ते गार होते. अगदी माठासारखे गार. डोकं पंचाण्णवानं पेटलेलं आणि त्याच्या उरावर बसलेला पत्रा गार. मी म्हटलं, "अगं, मग ऊब गेली कुठं? आतच बसलीय ती. वर यायला वाट नाही तिला." तिनं पंखा उचलला. प्लास्टिक तसंच होतं, पेस्ट त्याला चिकटलेली. तिनं ते सोलून खिडकीच्या उजेडात धरलं. त्यावर लिहिलेलं होतं. इंग्रजीत, बारीक. वापरण्याआधी काढा.

आणि अण्णा, तेव्हा तुमचा आवाज ऐकू आला मला. कोण एक शेतकरी पावसापासून जपायला मोटारीला पोतं गुंडाळून बसला होता, ती जळाली, त्याच्यावर तुम्ही दुकानात केवढे ओरडला होतात. "कोंडून मारलीस की रं तिला! मागं पंखा हाय, तिला वारा नगं?" मी ते ऐकलं होतं. तुमच्या शेजारीच बसले होते, त्या झूल घातलेल्या स्टुलाला टेकून. आणि चाळीस वर्षं मला समजलं नाही. तुमचा हात चुकलाच नव्हता. झूल सोडवतानाच तुम्हाला कळलं असणार. तुम्ही काकांना सांगितलं असतं, पोरीनं बांधली, तर काय झालं असतं? मला चार शब्द ऐकावे लागले असते, संपलं असतं. त्याऐवजी तुम्ही आयुष्यभर ते लग्नालग्नांतून ऐकून घेतलंत, आणि वर माझी झूल ग्वाड म्हणालात. आणि मी, अण्णा, मी मनातून काकांचं खरं धरून चालले होते. तुम्ही मोठे कारागीर, पण एकदा चुकला होतात, असं.

पोरीनं सगळं पुसलं, तुरीच्या डाळीएवढी पेस्ट परत लावली, पंखा बसवला, बटण दाबलं. छत्तीस. अडतीस. चाळीसवर जाऊन थांबलं ते थांबलंच. मी पालथा हात परत आत धरला तर पत्रे हळूहळू कोमट होत होते. तेवढ्यात हे आले, अंगाला लग्नातल्या अत्तराचा वास. चालू पडदा बघून जरा हिरमुसलेच वाटतं. पण जमिनीवर फडकी, पेस्ट, माझे लाल डोळे. "काय झालं हुतं?" पोरगी पटकन म्हणाली, "काही नाही पप्पा, माझीच चूक. प्लास्टिक काढायचं राहिलं माझ्याकडून, गरम होत होतं." हे म्हणाले, "वाटलंच मला. घाई लई तुला. आईला इचारायचं जरा, ती मोटारवाल्याची लेक हाय." ती हसली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. दातातला स्क्रू काढून डबीत टाकला.

काल दुपारी तिनं तो खेळ लावला. डोंगर, गवत, गवतावरून वारा जातो तसं गवत लवतं, ढगाची सावली पाण्यावरून सरकते. हे चपला न काढता उभे राहिले. "आरं, ह्ये तर आपल्या धरणाच्या मागल्या अंगासारखं हाय." मग खुर्चीच्या दांड्याला धरून बसले आणि अर्धा तास तिला विचारत होते, तितं पल्याड काय हाय, जा की, बघ की. तुमच्या फोटोचं तोंड मी तिकडं वळवलं थोडं. कुणी हसेल, पण वळवलं.

ही हिशेबाच्या वहीची मागची पानं आहेत, इथं लिहिलं, इथंच राहील. तुम्हाला कुठं पाठवणार. पण एक सांगायचं उरलं. पोरीनं ते स्वतःवर घेतलं तेव्हा मी जमिनीवरची फडकी गोळा करत राहिले. मनात म्हटलं, रात्री यांना सांगू. मग म्हटलं, सकाळी. आज जेवतानाही हे तिला म्हणाले, "प्लास्टिकवाली, मीठ दे." ती हसली, मीठ दिलं. मी अजून सांगितलेलं नाही.