दोन गुडघ्यांची दोन तेले

जव्हार, पौष शुद्ध षष्ठी, शके १८३४

तीन महिने ही वही उघडली नाही, चूक माझीच.

आईला संधिवाताने भिंत धरूनच उठावे लागते. खोडाळ्याच्या काशीबाई वैदिणीने भांगेचा पाला उकळून तेल दिले. आई नशेच्या वस्तूला शिवत नाही, म्हणून मी ते निर्गुडीचे असल्याचे खोटेच सांगितले. खात्रीसाठी आठवडाभर तिच्या उजव्या गुडघ्याला मी ते भांगेचे तेल चोळले आणि डाव्याला साधे तीळतेल. आज आई म्हणते, "डावा अगदी मोकळा झाला रे!" उजवा तसाच. मग भांग निरुपयोगी म्हणायची? मी चोळताना काशीबाई बघत होती. जाताना दारात हसली, "मास्तर, उजव्याला तुमी इंचवाला शिवल्यागत हात लावता." खरेच मी उजवा भीत भीत, वरवरच चोळतो? मला भांगेची भीती वाटते, की खोटे बोलल्याची? आणि खरे सांगितल्यावर आईने माझ्या हातचे तेलच नाकारले तर उजवा गुडघा कायमचा असाच?

उद्या: तेल लावण्यापूर्वी आईला खरे सांगणे.