मला येत होतं, शेवंते

शेवंते,

प्रिय वगैरे लिहीत नाही. चार वर्षं एका खोलीत दोन खाटांवर काढली, तेव्हा कधी प्रिय म्हटलं नाही, आता कशाला? आज संध्याकाळी सहाला खाली हॉलमध्ये तुझी शोकसभा आहे. त्याआधी तुझ्याशी बोललेलं एक खोटं निस्तरायचंय, म्हणून पेन धरलं. शाळा माझी तिसरीपर्यंतची. अक्षराला हसू नकोस.

मंगळवारची पहाट आठव. रोजच्यासारखी तू बुद्धाच्या फोटोपुढे हात जोडून बसलीस, पण धाप लागली आणि वंदनेचा एक शब्द निघेना. मी बेल दाबली. सिस्टर येईपर्यंत तू माझा पदर ओढलास.

"म्हात्रीणबाई, आज तू म्हण ना."

"मला कुठं येतंय तुजं काय!"

तू धापा टाकत हसलीस. "चार वर्षं ओठ हलतात तुझे. मला दिसत नाहीत होय?"

मी खिडकीकडे बघत बसले. मग सिस्टर आली, हॉस्पिटलची गाडी आली, आणि दुपारी फोन आला की तू गेलीस.

येत होतं गं मला! त्रिशरण, पंचशील, सगळं. रोज पहाटे कानावर पडून माझ्या आरत्यांपेक्षा पक्कं पाठ झालंय. मग का नाही म्हटलं? दार उघडं होतं. घणसोलीची म्हात्रीण शेवंताची वंदना म्हणते, हे भावकीत कळलं तर, एवढंच मनात आलं. कुठली भावकी? नातसुनेच्या फ्लॅटात माझा आवाज मावेना म्हणून मला इथे खारघरच्या वृद्धाश्रमात आणून सोडली, ती भावकी! दिवाळीला मिठाईचा बॉक्स पाठवते, तोही वॉचमनच्या हाती.

आणखी एक सांगते. पहिले दोन महिने तू मला चहा करून द्यायचीस, तो मी बेसिनमध्ये ओतायचे. तुला ठाऊक होतं ना? एकदा कप परत नेताना म्हणालीस, "साखर जास्त झाली असेल." साखर बरोबर होती, शेवंते. माझंच डोकं नासलेलं होतं. तू भांडली का नाहीस? महापालिकेच्या शाळेत शिपाई होतीस, हेडमास्तरलासुद्धा ऐकवायचीस म्हणे. मलाच का सोडलंस? दोन शिव्या घातल्या असत्यास तर मी आज हलकी असते.

हॉलमधल्या आरतीला तू रोज उभी राहायचीस. गुडघे सुजले तरी. मी टोमणा मारला, "तुला काय करायचंय आमच्या आरतीशी?" तू म्हणालीस, "तुम्ही उभ्या राहता, मी एकटी बसून काय करू?" आणि गुरुवारी ते प्रवचनवाले यायचे, डोळे मिटायला लावून मरण किती शांत असतं ते सांगायचे. तू माझ्या कानात म्हणायचीस, "जाऊन आलाय वाटतं!" मी एवढी हसायचे की आश्रमाच्या मॅडम डोळे वटारायच्या. परवा ते तुझ्याबद्दल गोड बोलले. हसवायला कुणी नव्हतं. मी रडले, आणि सगळ्यांना वाटलं प्रवचन लागलं.

तुझी पोरगी काल आली होती. डोळे सुजलेले, पण बोलणं तुझ्यासारखंच सरळ. मॅडमना म्हणाली, "सभेत आईची वंदना कोणी म्हणेल का? मी म्हणायला गेले तर रडू येतं."

मॅडम म्हणाल्या, "आपल्याकडे सगळ्यांसाठी एकच कॉमन प्रार्थना असते. आणि वंदना येणारं इथे कोण आहे?"

मी तिथेच होते, हात दोन हात अंतरावर. सांगता आलं असतं. पण जीभ हलली नाही. आयुष्यभर लोकांना टोचून बोलले, आणि नेमक्या त्या वेळी मुकी! पोरीने मला वाकून नमस्कार केला. "आई तुमचं फार सांगायची," म्हणाली. काय सांगायचीस गं? चहाचं सांगितलंस का? तिच्या तोंडावरून तर वाटलं नाही.

तुझ्या खाटेवरची गादी काल नेली. खोली आता खूप मोठी वाटते. पहाटे जाग येते, पण कुणी बसलेलं नसतं, आणि मी पडल्या पडल्या वाट बघते. कशाची, ते तुला माहीत आहे. जरा थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? सिस्टर गेल्यावर दार लावून म्हटली असती मी. नाही, हेही खोटं. तेव्हाही नसती म्हटली.

आता ऐक. आज कॉमन प्रार्थना संपली की मी उठणार. मॅडमना विचारणार नाही. तुझ्या पोरीच्या शेजारी उभी राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणणार. कुणी तोंड वाकडं केलं तर करू दे. मधे चुकले तर थांबून परत म्हणेन. माइक नाही दिला तरी अडत नाही. खाडीच्या बांधावरून नवऱ्याला जेवायला हाका मारून तयार झालेला गळा आहे माझा. तुझी पोरगी मागून म्हणू लागेपर्यंत मी बसणार नाही.

तुझ्या खोलीतली,
राधाबाई म्हात्रे