चार नंबरच्या चिठ्ठ्या परत घेण्याबाबत

दिनांक : १२ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
शेती अवजारे गुणवत्ता कक्ष, अकोला.

अर्जदार : सौ. मनकर्णा देवराव ताथोड, वय ४८, शिक्षण सातवी, रा. अकोला.

विषय : ‘शिवारसखा’ फवारणी पंपाच्या खोक्यांतील माझ्या सहीच्या चिठ्ठ्या परत घेऊन पंप पुन्हा तपासण्याबाबत.

संदर्भ : माझे दोन अर्ज व त्यांवर आपले एकच उत्तर, दि. २९ ऑगस्ट.

महोदय,

१. आपले उत्तर पोचले. “सदर पंपाच्या खोक्यात ‘गळती नाही, तपासणीस क्र. ४’ अशी सहीची चिठ्ठी आढळते. सदर तपासणीसावर अविश्वास दाखवण्याचे कारण दिसत नाही. सबब तक्रार निकाली काढण्यात येते,” असे आपण कळवले. तपासणीस क्र. ४ मीच आहे. एवढा विश्वास माझ्यावर घरचेही टाकत नाहीत, त्याबद्दल आभारी आहे. परंतु तो आपण काढून घ्यावा, यासाठीच हा तिसरा अर्ज आहे.

२. सदर पंप बनवणाऱ्या कारखान्यात मी एकोणीस वर्षे होते. पंप तपासायला मला कोणी शिकवले नाही, माझे मीच बसवले. पंपात पाणी भरायचे, पाठीवर कोरडे पांढरे फडके टाकायचे, त्यावर पंप चढवायचा आणि दहा वेळा खाली वाकायचे. फडके ओले झाले की झाकणावर खडूची फुली. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, ताठ उभे राहून फवारणी होत नाही, हे मी माहेरच्या वावरात पाहिलेले आहे. बाकीच्या बाया हसायच्या, म्हणायच्या, मनकर्णाबाई पंपाच्या पाया पडते. पडत होते. कोणाच्या तरी पाठीसाठी पडत होते.

३. मागच्या वर्षी झाकणातले रबरी वायसर बदलले. नवे पातळ आले आणि माझा खडू लवकर झिजायला लागला. आमचे पुष्कर साहेब वयाने माझ्या भाच्याएवढे. म्हणाले, “काकू, शेतकरी पंप घेऊन नाचणार आहे का?” फेब्रुवारीपासून पंप टेबलावर उभा ठेवून तपासण्याचा नियम झाला. टेबलावर उभा पंप गळत नाही. मला पॅकिंगला बसवले, आणि माझ्या सहीच्या चिठ्ठ्या छापून गठ्ठ्याने आल्या. एका खोक्यात एक टाकायची. मी विचारले, तर साहेब म्हणाले, “सही तुमचीच आहे ना काकू? मग?” फेब्रुवारी ते जुलै त्या चिठ्ठ्या मी माझ्या हाताने टाकल्या. कारखान्याने आपल्याला हे कळवलेले नाही, म्हणून मी कळवत आहे.

४. पॅकिंगला बसवल्याचे मी माहेरी सांगितले नाही. तिथे माझ्या चार नंबरचा फार थाट आहे. माहेरी आपली उंची आपणच कशी कमी करावी, असे वाटले. ती चूक माझी. जुलैत माझा धाकटा भाऊ जीवन पंप घ्यायला बार्शीटाकळीच्या दुकानात गेला. त्याने पाच खोकी उघडायला लावली. दुकानदार चिडला, तेव्हा म्हणाला, “चार लंबरचाच दे. तो माह्या ताईनं पाहेल हाय.” हे मला त्या दुकानदारानेच सांगितले.

५. फवारणीच्या तिसऱ्या दिवशी औषध झाकणातून त्याच्या पाठीवर झिरपत राहिले. त्याला वाटले, घाम आहे. दुपारी शर्ट काढला तेव्हा मानेपासून कमरेपर्यंत कातडे लाल झाले होते आणि त्याला डोळ्यांपुढचे दिसत नव्हते. अकरा दिवस दवाखान्यात होता. वाचला. आता बोटे थरथरतात. शर्टाची बटणे भावजय रागिणी लावून देते, तेव्हा तो दुसरीकडे पाहतो.

६. सुनावणीला मी तोच पंप पाण्याने भरून आणला, पाठीवर घेतला, आपल्यासमोर वाकले. फडके ओले झाले. नोंद अशी झाली : ‘अर्जदाराने कार्यालयाची फरशी ओली केली.’ कारखान्याचे म्हणणे, पंप उभ्या स्थितीत निर्दोष आहे, वापरणारा प्रमाणाबाहेर वाकला. किती वाकणे प्रमाणात बसते ते कृपया लेखी द्यावे. आम्ही पऱ्हाटीला तसे कळवू.

७. तक्रार पंप विकत घेणाऱ्याचीच लागते, असे आपल्या बाबूंनी सांगितले. मी तीनदा कागद घेऊन जीवनकडे गेले. तो सही करत नाही. म्हणतो, “तुह्या सहीवर मी उलटी सही कशी करू व ताई? मीच जास्त वाकलो असंन.” म्हणजे कारखान्याचे आणि माझ्या भावाचे म्हणणे आता एकच झाले आहे. तो ते माझ्यासाठी म्हणतो, कारखाना स्वतःसाठी. आपण कारखान्याचे मान्य केले. मला भावाचे मान्य करता येत नाही.

८. पहिला अर्ज दिला त्या दिवसापासून मला कारखान्यात घेत नाहीत. चार नंबर मात्र रोज कामावर आहे. गेले तीन रविवार मी बार्शीटाकळी, मूर्तिजापूर आणि तिवसा इथल्या दुकानांत जाऊन खोक्यांतून माझ्या चिठ्ठ्या काढल्या. त्रेसष्ट निघाल्या. तिवस्याच्या दुकानदाराने मला बाहेर काढले, चिठ्ठीशिवाय पंप कोणी घेत नाही म्हणाला. फवारणी चालू आहे. म्हणून विनंती, की चार नंबरच्या चिठ्ठीचे सर्व पंप दुकानांतून परत मागवावेत आणि पाठीवर घेऊन, वाकून तपासावेत. वाकायला मी येईन. तक्रार जीवनच्या सहीशिवाय घ्यावी. दोषींची यादी झाली तर पहिले नाव माझे लिहावे, पण यादी तिथे संपवू नये.

अर्जाखाली ‘आपली विश्वासू’ लिहायची रीत आहे. आपल्या उत्तरानंतर तो शब्द माझ्याने लिहवत नाही. क्षमस्व.

आपली,
मनकर्णा देवराव ताथोड
(तपासणीस क्र. ४)

सोबत :
१. चिठ्ठ्या, नग ६३.
२. पांढरे फडके, आपल्या कार्यालयात ओले झालेले. आता वाळले आहे.
३. जीवनचा शर्ट, त्या दिवशीचा. धुतलेला नाही. कृपया हातमोजे घालूनच उघडावा. आपल्या पाठीलाही इजा होऊ नये, अशी माझी इच्छा आहे.