सासूबाईंची अर्धी कचोरी

८ सप्टेंबर १९६१, शुक्रवार

सासूबाईंना साखर निघाली!

डॉक्टरांनी आमच्यासमोरच काचेच्या नळीत निळं औषध घातलं, वर लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, मग पिवळं, आणि शेवटी विटेसारखं लाल. सासूबाई टक लावून बघत होत्या. म्हणाल्या, "रंग तं झ्याक आला!"

"हाच रंग वाईट, भागीरथाबाई. आता जिभेला आवर घालावा लागेल."

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. ह्यांच्याकडे नाही, माझ्याकडे! म्हणाले, प्रत्येक पदार्थात ऊब असते, ती मोजता येते, तिला कॅलरी म्हणतात. म्हातारीच्या अंगाला लागेल तेवढीच द्यायची. "हे काम तुमचं. हात सैल सोडू नका." कागदावर लिहून दिलं. गूळ-साखर बंद. बटाटा बंद. भात मूठभर. एका वेळेला दीड भाकर.

"दीड भाकर?" सासूबाई ओरडल्या. "येवढ्यात तं कोंबडंबी जगत नाई बाप्पा!"

टांग्यात मी सगळा रस्ताभर बाहेर बघत होते. मला हसू आवरत नव्हतं.

दीड भाकर! मला तेल्हाऱ्याला नेमकी तेवढीच मिळायची.

९ सप्टेंबर

सकाळी दीड. संध्याकाळी दीड. माझ्या हातानं वाढली. त्यांनी टोपलीकडे पाहिलं — मी टोपली उचलून आत नेली.

१२ सप्टेंबर, मंगळवार

आज लिहून टाकते. कुणाला सांगितलेलं नाही.

लग्न होऊन तेल्हाऱ्याला गेले तेव्हा सतरा वर्षांची होते. अकोल्याच्या शाळेत शिकलेली, म्हणून सासूबाईंना आधीच नको होते. मला दिवस गेले तशी त्यांनी माझी भाकरी कमी केली. इतर सगळ्यांना हवी तेवढी, मला दीड. "लय खाऊ नको. पोर मोठं झालं तं अडशीन." भूक लागायची — अशी लागायची की रात्री चुलीजवळची राख हुंगत बसायचे.

एका बाजाराच्या दिवशी ह्यांनी हॉटेलातली गरम भजी आणली, धोतराच्या सोग्यात लपवून. दारातच सासूबाईंना वास आला. पुडी हिसकली आणि बैलापुढे टाकली. बैलानं कागदासकट खाल्ली. मी बघत उभी होते.

मुलगी झाली ती मुठीएवढी. रडायलाही अंगात जोर नव्हता. बारसं व्हायच्या आधीच गेली. त्यानंतर माझी कूस भरलीच नाही.

मग ह्यांची अमरावतीला बदली झाली. मळा वाट्यानं दिला, सासूबाई आमच्याकडे आल्या. इतकी वर्षं त्यांच्या पाया पडतेय. आता देवानं माझ्या हातात कागद दिलाय.

१९ सप्टेंबर, मंगळवार

आज केलं!

सासूबाई दर मंगळवारी अंबादेवीला जातात. आज मी सोबत गेले. परतताना मुद्दाम वाटेवरच्या हॉटेलापुढे थांबले. नत्थुजी मालक दारातच मोठ्या कढईत कचोऱ्या सोडत होते. वास असा की पाय जागेवरच खिळावेत. म्हटलं, "पाय दुखतात माझे. बसू जरा."

सासूबाई उभ्या जन्मात हॉटेलात शिरलेल्या नव्हत्या. पदर कपाळावर ओढून घेतला. "कोणी पाह्यलं तं?" आम्ही पडद्याच्या फॅमिली रूममध्ये बसलो. मी गिला वडा मागवला, एक कचोरी, एक प्लेट सांबारवडी. फक्त माझ्यासाठी.

दह्यात बुडालेला वडा, वर चिंचेची चटणी, वर लाल तिखट. मी हळूहळू खाल्ला. चमचा चाटला. सांबारवडी मोडली तर आतून कोथिंबिरीची वाफ आली. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. बघत होत्या!

"मले नाई का वं?"

डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा तळलेलं चालेल म्हटलंय, अर्धी कचोरी, आणि त्या वेळची भाकरी तेवढी कमी. मी चौथाई दिली. मोडून, बशीच्या काठावर ठेवून.

"बस," म्हटलं. "कॅलरी."

२० सप्टेंबर

रात्री फार छान झोप लागली.

३ ऑक्टोबर, मंगळवार

काहीतरी बिघडलं.

मी चौथाई देते आणि म्हातारी ती अर्धा तास खाते! आधी वास घेते. मग पापुद्रा काढून जिभेवर ठेवते, डोळे मिटते. मग आतली डाळ, एकेक दाणा. मी तोपर्यंत पूर्ण प्लेट संपवून बसलेली, पोटाला तडस लागलेली, घशाशी येतंय — आणि ती अजून खातेच आहे!

नत्थुजी पडद्यातून डोकावले. "आजी, कशी आहे कचोरी?"

"बडीशेप कमी टाकत जाय. बाकी फस क्लास!"

नत्थुजी हसत गेले. मला हे नको होतं. तिच्या तोंडाला पाणी सुटावं, मन मरावं, असं मला हवं होतं.

घरी येताना म्हणते, "पुढच्या मंगळवारी आलुबोंडा पाहू काय?"

"बटाटा बंद आहे!"

"मंग तू खाय. मी पाहीन."

१० ऑक्टोबर, मंगळवार

चोरी पकडली! घरीसुद्धा मी निळ्या औषधाची नळी आणली आहे, रोज सकाळी तपासते. आज लाल. शेजारच्या आशाबाईंकडे काल सत्यनारायण होता. चेहरा वाचूनच कळलं.

"किती प्रसाद खाल्ला?"

"देवाचा होता वं."

"देवाला विचारते किती कॅलरी होत्या ते."

हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "शकुन, जरा..." मी पाहिलं त्यांच्याकडे. पुन्हा वाचायला लागले. तेव्हाही ते असेच होते. भजी हिसकली तेव्हा गोठ्याच्या दारात उभे होते ना, माझ्याशेजारीच!

आज हॉटेल रद्द. सासूबाई पायऱ्यांवर बसून राहिल्या, सणाच्या दिवशी शिक्षा झालेल्या पोरीसारख्या.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

लिहायला हात होत नाही. तरी लिहिते.

फॅमिली रूम. माझ्यापुढे आलुबोंड्यांची प्लेट, तिच्यापुढे चौथाई कचोरी. एकदम म्हणाली, "शकुन, तू मले इथं कावून आणतं?"

मी म्हटलं, सांगूनच टाकावं. "समोर असतं आणि मिळत नाही, तेव्हा कसं वाटतं ते तुम्हाला कळावं म्हणून."

दचकली नाही. बशीतला तुकडा फिरवत म्हणाली, "मले पह्यल्याच दिशी समजलं होतं."

"मग येता कशाला?"

"चौथाई तं चौथाई, भेटते न."

मग बोलली — पडद्याकडे बघत, मला नाही, पडद्यालाच सांगितल्यासारखं. "मैनीच्या आंधी मले आणखी एक पोरगी होती. द्वारका. पोटुशी होती तवा बाळंतपणाले माह्याकडं आली. म्या तिले लय चारलं. तूप, गूळ, डिंकाचे लाडू. पोर पोटात मोठं झालं. अडली. सुईण म्हने पोर लय मोठं आहे. दोघंबी गेले. म्हून तुले कमी देलं."

मला ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती. ह्यांनीही नाही! द्वारका हे नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं.

"मला सांगितलं का नाही?"

"सुनेले काय सांगाचं?"

मी ओरडले. "माझी मुठीएवढी होती!" बाहेर बश्यांचा आवाज थांबला.

"होती," म्हातारी म्हणाली. "म्याच धुतलं तिले. हातात मावत होती."

मी आलुबोंडे संपवले. सगळे. चव कशाची होती कुणास ठाऊक.

२५ ऑक्टोबर

कारण कळलं म्हणून काय झालं! तेव्हाची माझी भूक काही आज भरून येत नाही. दीड भाकर ती दीड भाकरच.

१ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरांकडे गेलो. नळी निळी राहिली! दोनदा तपासली, दोन्ही वेळा निळी. डॉक्टर खूश. "अशी सून सगळ्या पेशंटांना मिळाली तर माझं दुकान बंद होईल." पायाच्या मुंग्या गेल्या, रात्रीचं उठणं थांबलं. सासूबाई म्हणाल्या, "हे लय कडक आहे, डॉक्टर. जेलरच!" आणि हसल्या.

मग डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं. भुवया वर गेल्या. "तुमचं वजन फार वाढलंय, बाई. हॉटेलचं खाता का?"

सासूबाई छताकडे बघत होत्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ नोव्हेंबर, शनिवार

मैनावन्सं भाऊबीजेला अकोल्याहून आल्या आणि घर डोक्यावर घेतलं. आईला मिठी मारली, हात चाचपले. "माय वो! हाडं लागून राहिली हाताले!" जेवताना पानात मोजून वाढलेलं पाहिलं, करंजी नाही, चिरोटा नाही. ताट सरकवून उभ्याच राहिल्या.

"वहिनी, माह्या मायेले उपाशी मारता काय?"

मी कागद दाखवला. नळी दाखवली. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरनं! आणि तुमी काय खाता थे दिसत नाई काय मले?" माझ्या दंडांकडे, पोटाकडे बोट केलं. "सुनेचं अंग पाहा आणि सासूचं पाहा! मी नेतो तिले. माह्या घरी काई कमी नाई."

ह्यांनी भातात आमटी कालवली. मी सासूबाईंकडे पाहिलं. म्हणू शकल्या असत्या काहीही — जेलर म्हणू शकल्या असत्या, चांगली आहे म्हणू शकल्या असत्या. गाठोडं बांधून ह्यांना म्हणाल्या, "जाऊन येतो किसना. मैनीकडं पुरणपोळी भेटन."

कागद मी गाठोड्यात घातला होता. त्या गेल्यावर पाहिलं तर पाटावर पडलेला. मैनावन्संनी काढून ठेवला.

१२ नोव्हेंबर

माझा सूड अर्धाच झाला होता आणि ह्या बाईनं तो टांग्यात घालून नेला!

२१ नोव्हेंबर, मंगळवार

एकटीच हॉटेलात गेले. नत्थुजी म्हणाले, "आजी कुठं?" म्हटलं, गावाला. त्यांनी न मागता कचोरी आणली. "सांगा त्यांना, बडीशेप वाढवली आहे."

पूर्ण खाल्ली. समोरची खुर्ची रिकामी. गिला वडा मागवला होता, तो तसाच टाकून आले.

मला तिची कीव येत नाही. हे इथं लिहून ठेवते. मला राग आहे तो आहेच. पण तिथं रोज काय काय खात असेल, हे दिवसभर डोक्यात चालू असतं. पुरणपोळी एक — किती? वर तूप. वर दूध. बेरीज करत बसते.

२८ नोव्हेंबर

मैनावन्संचं कार्ड. "आई मजेत आहे. अंग भरून आलं. पायाला काटा लागून जरा जखम झाली आहे, हळद लावली."

ह्यांना म्हटलं, लघवी तपासायला सांगा. ताबडतोब लिहा. म्हणाले, "मैनीला वाईट वाटेल." मीच लिहिलं.

९ डिसेंबर, शनिवार

अकोल्याहून तार. आई सिरियस, निघा.

आताच्या बसनं निघतोय. मी निळ्या औषधाची बाटली आणि नळी लुगड्याच्या घडीत गुंडाळून घेतली. हे म्हणाले, "तिथं दवाखान्यात सगळं असतं." असू दे.

१० डिसेंबर, अकोला

पाय घोट्यापर्यंत काळा. वास येतो. ताप. साखर इतकी की इथले डॉक्टर संतापले.

मैनावन्सं भिंतीला टेकून रडत होत्या. "वहिनी, म्या काई कमी नाई केलं वं तिले. रोज शिरा. बासुंदी. जे मागलं थे देलं. इतकी वर्षं काबाड केलं तिनं, म्हटलं आता तरी पोटभर..."

मला त्यांना बोलायचं होतं. फार बोलायचं होतं. वाटेत बसमध्ये शब्द जुळवून ठेवले होते. एकही निघाला नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "आधी ताब्यात होती म्हणता. कोण बघत होतं?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी चोरासारखी उभी. "चांगलं सांभाळलं होतं तुम्ही," ते म्हणाले. चांगलं! त्यांना काय माहीत मी कशासाठी मोजत होते.

दुपारी सासूबाईंनी डोळे उघडले. मला ओळखलं. "आली काय तू?" मग मैनावन्संकडे मान वळवली, "हे पोरगी मोजत नाई वं. नुसती देते." आणि माझं मनगट धरलं. बोटं गरम होती, पण पकड घट्ट. "मले तुह्या घरी ने."

ह्यांना सांगितलं, ताप उतरला की अमरावतीला न्यायचं. मी करीन सगळं. या वेळी डॉक्टर म्हणतील तेवढं. अर्धी म्हटली तर अर्धी. चौथाई नाही.

१२ डिसेंबर, मंगळवार. अकोला

सकाळी डॉक्टर पाय पाहून गेले. मी मागोमाग व्हरांड्यात धावले. विचारलं, आज त्यांना काय द्यायचं? आणि किती?

म्हणाले, "आता मागतील ते द्या, बाई. मोजू नका."